पवनचक्कीवरचं नाव

पवनचक्की दिसली तसा सेल्विनने गाडीचा वेग कमी केला, आणि मग गाडी उभीच केली. नोएलीनने वर पाहिलं. चक्कीच्या शेपटीचा पत्रा वाऱ्यावर हलत होता आणि त्यावर हातभर उंचीची लाल अक्षरं होती. ताजी, चकाकणारी.

"आई, मी उतरत नाही," सेल्विन म्हणाला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

तो तिच्या बहिणीचा मुलगा. मावशीलाही आईच म्हणायचं, ही इथल्या आदिवासींची रीत. माय मरो, मावशी उरो म्हणतात, ते त्याच्या बाबतीत गेल्या थंडीत अक्षरशः खरं झालं. बहीण याच चक्कीखाली जन्मली, म्हणून चक्कीचंच नाव तिला ठेवलं होतं. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, ऐकायचंही नाही, म्हणून ती गेली त्या दिवसापासून ते नाव घरातल्या कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. तिला आता सगळे कुनमनारा म्हणत, गेलेल्या माणसाला म्हणतात तसं. पत्र्यावरचं नाव दिसायला नको, म्हणून सेल्विनने स्वतः वर चढून त्याला काळं फासलं होतं. आपणही ते इथे लिहायला नको.

सकाळी टीव्हीवरच्या स्पर्धेच्या पाकिटातून शेवटचं कोडं निघालं होतं: 'मालकाची बायको शहर सोडून इथे कधी आली नाही, पण वारा सुटला की ती इथे फिरते आणि गुरांना पाणी पाजते. ती कोण?' बाकीच्या जोड्या नकाशे उलटेपालटे करत बसल्या. नोएलीनला ते वाचता वाचताच सुटलं. कोडं रचणारा हुशार खरा. चक्कीला मालकाच्या बायकोचं नाव दिलंय, हे त्याने शोधून काढलं. पुढे ते आणखी कोणाचं झालं, हे विचारायची गरज त्याला वाटली नाही.

नऊ दिवस ती टीव्हीवाल्यांच्या कोड्यांमागे धूळ खात फिरली, ती एकाच गोष्टीसाठी. जिंकणाऱ्याची एक इच्छा चॅनेल पुरवणार होतं. तिने वस्तीच्या दवाखान्यासाठी डायलिसिसचं यंत्र मागितलं होतं. त्या यंत्रापायी तिची आई तीन वर्षं सातशे किलोमीटरवरच्या शहरात, रुग्णांच्या एका हॉस्टेलच्या खाटेवर पडून होती. रोज फोनवर एकच विचारायची: घरी कधी येऊ?

बक्षिसाची पेटी चक्कीखालच्या हौदाला टेकून ठेवलेली होती. शेजारी किल्ली नाचवत कार्यक्रमाचा सूत्रधार ग्रँट उभा होता.

"सगळ्यांत आधी तुम्ही! आता फक्त नाव सांगायचं. मोठ्याने, कॅमेऱ्याकडे बघून. की पेटी तुमची."

"तो पत्रा काळा होता," नोएलीन म्हणाली. "कोणी पुसला?"

"हां, ते! कुठल्या तरी टारगट पोरांनी फासलं होतं. आमच्या माणसांनी घासूनपुसून नवं रंगवलं. झकास झालंय ना?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण आईची खाट डोळ्यांपुढे आली आणि तिने राग गिळला. बोटाऐवजी, वस्तीत दाखवतात तसे ओठ पुढे काढून तिने वर चक्कीकडे दाखवलं.

"हीच ती."

"असं दाखवून कसं चालेल, बाई? नाव बोलायला हवं. नियम सगळ्यांना सारखा."

"ते मला बोलता येणार नाही."

ग्रँटने आवाज खाली आणला. माणूस तसा मनाने वाईट नव्हता. "वाचता येत नाही का? मग त्याला बोलवा ना, गाडीतल्याला."

"त्याची आई आहे ती."

ग्रँटने एकदा चक्कीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

एक शब्द. पण रविवारी हा भाग बघायला सगळं हॉस्टेल टीव्हीसमोर बसणार होतं, आणि सगळ्यांच्या पुढे आई. तिला घरी आणायचं, तर तिच्या मेलेल्या लेकीला तिच्या कानाशी हाक मारायची. नोएलीनने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. वर चक्की कुरकुरत होती आणि मागून धुळीचा लोट जवळ येत होता.

मेलबर्नचं जोडपं धावतच आलं. दोघांनी वर पाहिलं आणि हातात हात घालून ते नाव ओरडून टाकलं.

"वाऱ्यात नीट आलं नाही!" ग्रँट म्हणाला. "पुन्हा एकदा, याहून जोरात!"

त्यांनी तीनदा म्हटलं. हसत, उड्या मारत, एकमेकांच्या गळ्यात पडत. गाडीच्या काचा बंद होत्या आणि आत सेल्विन दोन्ही कानांवर हात दाबून वाकला होता. जोडप्याची इच्छा होती, परसात पोहायचा तलाव.

मग हरलेल्यांचा फोन. हरलेल्याने घरी फोन करायचा आणि तो सगळ्या देशाने बघायचा, हा या कार्यक्रमाचा लाडका भाग. ग्रँटने उपग्रहावरून चालणारा जाडजूड फोन नोएलीनच्या हातात दिला. तिने हॉस्टेलचा नंबर लावला. आईच फोनपाशी बसलेली होती.

"जिंकलीस ना गं? मी पिशवी भरून ठेवलीय. घोंगडी वर बांधलीय. घरी कधी येऊ?"

कॅमेरा आणखी दोन पावलं पुढे सरकला.

"आई," नोएलीन म्हणाली, "रविवारी टीव्ही लावू नकोस."