मिशा न हलवता

“आजपासून या जगाशी माझा संबंध संपला!” वामनरावांनी जाहीर केलं, आणि हातातलं बिस्किट चहात पडल्याचा ठपका लेकीवर, म्हणजे शैलावर ठेवला.

कंपवातानं त्यांचे हात थरथरायचे, चेहरा मात्र पुसलेल्या पाटीसारखा झाला होता. “हसलो तरी कुणाला दिसत नाही, मग माणसांत जाऊन करू काय?” म्हणत ते दिवाळीपासून खोलीबाहेर पडले नव्हते. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या आणि ‘माणसांत न्या’ म्हणून बजावलं. वडील हलेनात, तेव्हा शैलानं माणसंच घरी बोलावली: देवस्थळी आणि हुद्दार, त्यांचे पत्त्यांतले जुने भिडू.

खेळ चॅलेंजचा. पानं उलटी टाकायची आणि बिनधास्त थापा मारायच्या; थाप पकडली तर टाकणाऱ्यानं गठ्ठा उचलायचा, शंका खोटी ठरली तर घेणाऱ्यानं, आणि ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. वामनरावांच्या हातात पानं ठरेनात, म्हणून शैलानं ती कपडे घासायच्या नव्या ब्रशात खोचून दिली.

“तीन एक्के,” वामनराव म्हणाले.

देवस्थळींनी त्यांचं तोंड बराच वेळ निरखलं. तिथे काहीच सापडेना. “असतील बुवा,” म्हणत त्यांनी सोडून दिलं. शैलाला माहीत होतं, ती होती दुर्री, पंजी आणि नव्वी.

पुढे देवस्थळींनी शंका घेतली ती नेमकी खऱ्या पानांवर; ब्रश रिकामा झाला, तेव्हा सगळा गठ्ठा त्यांच्याच हातात होता. “लेका वामन, पूर्वी थाप मारताना तुझ्या मिशा हलायच्या!”

वामनरावांच्या मिशा आताही हलल्या नाहीत. पोट मात्र गदगदा हलत होतं. शैला ते पाहतच राहिली.

“उद्या ये, वचपा काढायला,” त्यांनी देवस्थळींना बजावलं, आणि मग हळूच म्हणाले, “शैले, एक बिस्किट दे गं. बुडव मात्र तूच.”