उघड्यावरची पहिली रात्र

"आज तासभरच," असं म्हणत सासऱ्यांनी रोपांचा ट्रे सुनेच्या हातात ठेवला. "उद्या दोन तास. उन्हावाऱ्याची सवय अशीच लावायची. एकदम बाहेर काढली तर माना टाकतात."

रोपं फॉक्सग्लोव्हची होती. उंच दांडा आणि त्यावर घंटेसारखी लटकणारी जांभळी फुलं. तिच्या नवऱ्याला ती फार आवडायची. तो जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून तिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. भाजी सासरेच आणत, दारात कुणी आलं तर तेच बोलत.

बी पेरलं तेव्हा तिने मायेने त्यावर बोटभर माती लोटली होती. मिरपुडीएवढं ते बी, काहीच उगवलं नाही. सासरे रागावले नाहीत. याला उजेड लागतो, एवढंच म्हणाले. दुसऱ्या खेपेला तिने बी मातीवर नुसतं भुरभुरलं.

रोपं तरारल्यावर गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी ट्रे ने-आण करायचं काम तिच्या गळ्यात घातलं. पहिल्या दिवशी ती ट्रे अंगणात ठेवून आत पळाली. मग रोपं सुकतील या धास्तीने पायरीवर बसू लागली. शेजारीण चौकशी करायची, तिच्याशी दोन शब्द बोलणं व्हायचं. एकदा खत संपलं, तर तीच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. ट्रे आत आणताना सासरे रोज विचारायचे, "सुटली का पोरांची शाळा?" तिला हसू यायचं, आणि आपण हसलो म्हणून मागाहून वाईटही वाटायचं.

रोपं दिवसभर बाहेर राहू लागली, तेव्हा तिच्या जुन्या मालकिणीचा फोन आला. त्या बाईंच्या शिवणाच्या कारखान्यात ती पूर्वी नमुने कापायची. नवरा आजारी पडला आणि नोकरी सुटली. आता दुसऱ्या शहरात नवा कारखाना निघत होता आणि तिथे तिच्यासाठी जागा होती. तिला जावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. मुलगा गेला, आता सुनेनेही म्हाताऱ्याला एकटं टाकून जायचं? बाबांना आता तुझाच आधार, असं नणंद येता-जाता म्हणायची. तिने घरात कुणाला काही सांगितलं नाही. नाही म्हणून कळवायचं, असं मनाशी पक्कं केलं.

रोपं वाफ्यात लावली त्या संध्याकाळी वारा सुटला. ती झाकायला टोपल्या घेऊन धावली. सासऱ्यांनी तिला अडवलं. राहू दे, त्यांचं ती बघतील, म्हणाले. ती टोपल्या धरून तशीच उभी राहिली.

"बाबा, फुलं कधी येतील?"

"यंदा नाही. पहिल्या वर्षी हे नुसती पानं धरतं. फुलं पुढच्या वर्षी."

तिचा जीव भांड्यात पडला. थांबायला कारण मिळालं होतं. पुढच्या वर्षी आपण दोघं मिळून बघू, असं ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्या हातातल्या टोपल्या काढून घेतल्या.

"तुला मी फोटो पाठवीन, पोरी. तुझ्या मालकिणीला मीच फोन केला होता."