आईने न पाहिलेले गोल

"डोळे उघडे ठेवशील ना, आई?" किनाऱ्यावर गोलपोस्ट म्हणून दोन वल्ही रोवता रोवता अदेलिनोने तिसऱ्यांदा विचारलं.

"ठेवीन रे बाबा. तू मार तरी!"

पोर्तुगालमध्ये त्याने एकशे चौदा गोल केले, स्टेडियमं नाचली. आईने मात्र त्यातला एकही पाहिला नव्हता. टीव्हीवर लेकाने पाय उचलला की तिचे डोळे गच्च मिटायचे, ते आरडाओरडा संपल्यावरच उघडायचे. आता निवृत्त होऊन तो आफ्रिकेजवळच्या आपल्या जन्मबेटावर परतला होता आणि तिला एक तरी गोल दाखवायचाच होता.

गोलकीपर म्हणून शेजारचा मासेवाला बाल्ताझार उभा राहिला. त्याच्याकडे अनुभव नव्हता, पोट होतं.

"बाल्ताझार, नीट अडव हं," आईने बजावलं. "फुकटचा गोल मला नको."

बाल्ताझार फारच आज्ञाधारक निघाला. पहिला चेंडू त्याने पोटावर झेलला. दुसरा वल्ह्याला लागला. तिसरा थेट समुद्रात गेला आणि मावळतीच्या सोनेरी पाण्यावर, कुठे जायची घाई नसल्यासारखा, डुलत राहिला. एवढ्यात अदेलिनोच्या गुडघ्याने राजीनामा दिला. तो वाळूत मटकन बसला. आईकडे बघायची हिंमत होईना.

आई उठून त्याच्याशेजारी टेकली. तिने डुलणाऱ्या चेंडूकडे बोट दाखवलं.

"चुकलास तर तुझं काय होईल, या धास्तीने मी डोळे मिटायचे," ती म्हणाली. "चुकल्यावर एवढंच होतं होय? मग ऊठ, अजून एक चुकव बघू."