मातृभाषा दिनाचं बोलावणं

दोह्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत मातृभाषा दिन होता. नारायणपेठ नेसून आलेली वृंदा लेकीच्या वर्गापुढे कोल्ह्याची गोष्ट मराठीतून रंगवून सांगत होती.

बोलावणं मिस मार्गारेटचंच होतं. सहा वर्षांपूर्वी ईराला बालवर्गात घालताना त्यांनीच बजावलं होतं, "घरी फक्त इंग्रजीच बोला, नाहीतर पोर मागे पडेल." वृंदाने ते वेदवाक्य मानलं. इतकं, की सांगलीच्या आजीचे फोनही 'हॅलो' आणि 'बाय'वर उरकू लागले.

गोष्ट संपली. मिस मार्गारेटनी टाळ्या वाजवल्या. "किती गोड भाषा आहे. ज्यांना गोष्ट कळली नाही त्यांनी हात वर करा, ईरा समजावून सांगेल."

पहिल्या रांगेतून पहिला हात वर गेला, तो ईराचा.