बोझू कोण?

“मुद्दाम मासा न पकडणं किती अवघड असतं, हे आज कळलं मला, दाजी,” कुनिओ तामोत्सुच्या कानाशी कुरकुरला. “दोन लागले, दोन्ही सोडले. त्यात ही थंडी. बूड फळीला चिकटलंय माझं.”

“हळू बोल. ऐकेल ती.”

नावेच्या दुसऱ्या टोकाला चिझुरु पाठमोरी बसली होती. लोकरीची टोपी कानांखाली ओढलेली, गळ्यात नवऱ्याचा मफलर. गळाच्या काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरलं, की ती काठी जवळ ओढायची, एकेक कडी ओठांत धरून बर्फ विरघळवायची आणि दोर पुन्हा पाण्यात सोडायची. बोटांनी ते होत नव्हतं. औषधांनी बोटं बधिर केली होती. केस तर त्यांनी केव्हाच नेले होते. शेवटची सलाईन लागून पाच आठवडे झाले होते. डॉक्टर ‘आता सगळं स्वच्छ आहे’ म्हणाले, तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं. सरोवर मासेमारीला उघडलं की ट्राउट पकडायला जायचं. दरवर्षीसारखं.

पंचाईत त्या ‘दरवर्षीसारखं’चीच होती. इथं जो हात हलवत परततो, त्याला बोझू म्हणतात. बोझू म्हणजे मुंडण केलेला भिक्षू. डोक्यावर केस नाही, तसा टोपलीत मासा नाही. नावा भाड्यानं देणाऱ्या नावघरातल्या आजींपुढे उभं राहून, हात जोडून, त्यानं ‘बोझू मी’ असं मोठ्यानं म्हणायचं, आणि बाकीच्यांनी पोट धरधरून हसायचं. वीस वर्षं तो शब्द सगळ्यात जास्त चिझुरुच्याच तोंडी असायचा, कारण ती स्वतः कधी रिकामी परतली नव्हती. गेल्या पानगळीपासून मात्र तो शब्द घरातून नाहीसा झाला होता. तामोत्सुनं मेहुण्याला फोन करून बजावलं होतं, तो शब्द चुकूनही काढायचा नाही. आणि तिच्या एकटीवर रिकामं परतायची वेळ यायला नको, म्हणून आपणही मासा घ्यायचा नाही. तो स्वतः तर सकाळपासून गळाला आमिष न लावताच बसला होता.

“फार शहाण्यासारखे बसलाय दोघं,” चिझुरु मागे न वळता म्हणाली. “कुनिओ, मघाशी तुझी काठी वाकली होती ना?”

“शेवाळ होतं, ताई.”

“शेवाळानं शेपटी मारलेली ऐकली मी.”

कुनिओनं घाईघाईनं चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

“यंदा मासेच कमी आहेत,” तामोत्सु म्हणाला. “पाणी गार आहे फार. तू दमली असशील. परतायचं का?”

“सहा महिने हेच विचारताय. दमलीस का, पडतेस का, पांघरूण देऊ का. एकदा भांडा तरी माझ्याशी.”

तो काही बोलणार, तेवढ्यात तिची काठी पाण्याकडे वाकली.

दोघेही पुरुष एकदम उठले. नाव डगमगली.

“बसा खाली! एवढ्या इंजेक्शनांतून वाचले ती काय तुमच्या हातून बुडायला?”

बोटं दोर गुंडाळायच्या फिरकीवर टिकेनात. तिनं काठीचा बुंधा काखेत दाबला आणि तळहातानं फिरकी ढकलायला लागली, जात्याच्या खुंट्यासारखी. कुनिओनं हात पुढे केला.

“हात लावलास तर याद राख.”

मासा नावेखाली शिरला. दोर ताठ झाला आणि मग एकाएकी सैल पडला. तामोत्सु जाळं धरून पाण्यात बघत राहिला. काही दिसेना. गेला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच क्षणी काळ्या पाण्यातून रुपेरी पोट उलटलं. त्यानं जाळं खुपसलं. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा, नावेच्या तळाशी थाडथाड आपटायला लागला. चिझुरु धापा टाकत त्याच्याकडे बघत होती. तामोत्सुच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. इतके महिने आपण श्वास अर्धाच घेत होतो, हे त्याला आत्ता समजलं.

कुनिओनं गुणगुणत वल्ही मारली. धक्क्याला नाव लागली, तेव्हा कुठे तामोत्सुच्या ध्यानात आलं, की आता रिकामे आपण दोघं आहोत.

आजी धक्क्यावरचं बर्फ झाडत होत्या. त्या टोपलीत डोकावल्या.

“अगंबाई, हा कुणाचा?”

“माझा,” चिझुरु म्हणाली.

“तुझाच असणार. मग यंदा बो…” वीस वर्षांच्या सवयीनं शब्द अर्धा बाहेर पडला. आजींची नजर टोपीवर गेली. “बो… बोटी यंदा लवकर परतल्या म्हणायच्या.”

कुनिओ आपल्या बुटांकडे बघायला लागला. तामोत्सुनं हात जोडले. “आम्हाला दोघांना आज… म्हणजे… तसं काही…”

चिझुरुनं टोपली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या न उघडलेल्या आमिषाच्या डबीकडे एकवार पाहिलं. टोपी धरली आणि ओढून काढली. लोकरीत घामेजलेल्या तुळतुळीत डोक्यावरून गार हवेत वाफ निघाली.

“केस यांच्याकडे, मासा माझ्याकडे,” ती आजींना म्हणाली, “आणि मेले लाजतायत बघा!” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, बिनआमिषाचे बोझू! हात जोडलेच आहेत, तर म्हणा आता.”