ढिली कमान

बंदुकीचा घोडा पडला नाही.

तिने तो पुन्हा चढवला, दस्ता बाकाला घट्ट दाबून धरला आणि लाकडी मोगरीने ठोकलं. आधी हळू, मग जोरात, मग चांगलं चिडून. जुन्या बंदुकीची हीच परीक्षा. आतली स्प्रिंगची कमान ढिली असेल, तर चाप न ओढताच घोडा खाडकन पडतो. हा ढिम्म! उजवा ढिम्म, डावाही ढिम्म. बंदूक रिकामीच होती, तरी तिने मोगरी हळूच खाली ठेवली.

"काय गं, काय झालं?" आतून आईने विचारलं.

"आई, कमान अगदी खणखणीत आहे. बाबांनी बसवलेलीच."

आई ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. "बघ! मी कंठशोष करून सांगत होते की नाही? देवमाणूस होता तो. लोकांनी जिवंतपणी मारला त्याला."

ही दुनळी दुकानात आली तेव्हाच मुलीने ओळखली होती. दस्त्यावर चांदीच्या वेली, मधोमध उडत्या पाखराची चकती, टोकाला नक्षीची टोपी. सगळं काळंठिक्कर पडलेलं. अशी बंदूक गावात एकाच घरी. बाबांनी ती दुरुस्त करून दिली आणि थोड्याच दिवसांत त्या घरच्या थोरल्या मुलाच्या हातून गोळी सुटली. समोर त्याचा धाकटा भाऊ होता, तो जागीच गेला. थोरल्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. बाबांनी पोलिसांसमोर बंदूक उघडली, आत पाहिलं, काहीही न बदलता तशीच बंद केली आणि म्हणाले, "कमान ढिली राहिली. चूक माझी."

झालं! परवाना गेला, गिऱ्हाईक तुटलं, शेजारणी आईला बघून तोंड फिरवू लागल्या. बंदुकांवर वेली कोरणारा माणूस मरेपर्यंत लोकांच्या कुलपांच्या किल्ल्या घासत बसला. मुलीने नंतर दुकान पुन्हा उघडलं, पण भिंतीवर टांगायच्या जुन्या बंदुका उजळून देण्यापुरतंच.

बाबांची एक खोड होती. काम संपलं की प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत आणून सोडायचे. या बंदुकीचे सगळे स्क्रू अजून तसेच, नळीच्या रेषेत. खाचांमध्ये जुनं मेणसुद्धा शाबूत. म्हणजे बाबांनंतर आत कुणाचा हात गेलाच नव्हता. कमान कधी ढिली नव्हतीच. मग बाबा तसं का बोलले?

"घाबरले असतील गं," आई म्हणाली. "खाकी कपडे दिसले की भल्याभल्यांची बोबडी वळते. ते जाऊ दे. तो थोरला आज बंदूक न्यायला यायचाय ना? त्याच्या तोंडावर सांग. त्यांच्यावरचा डाग माझ्या डोळ्यांदेखत धुऊन निघू दे, मग मी मरायला मोकळी."

थोरला संध्याकाळी आला. केस पांढरे, खांदे उतरलेले. नळ्या सुट्या करून बाकावर ठेवल्या होत्या, तरी त्यांच्या तोंडासमोरून जायचं टाळून तो कडेकडेने आत आला.

"चांदी छान उजळलीत, ताई," तो म्हणाला. चांदीकडे त्याने बघितलंही नव्हतं.

"मला तुमच्याशी बोलायचंय," तिने सुरुवात केली. वाक्य सकाळपासून तोंडपाठ होतं.

"आधी मी विचारतो." त्याने रुमाल काढला आणि तसाच पुन्हा खिशात कोंबला. "आतून उघडलीत ना? काय दिसलं?"

आई चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिची मान वर होती. किती वर्षांनी!

मुलीने थोरल्याकडे पाहिलं. तो घामाने डबडबला होता. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आपण खरं बोललो तर हा माणूस उंबरठ्यापर्यंतसुद्धा पोचायचा नाही, असं तिला वाटलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आली ती दया. आणि त्या दयेची स्वतःलाच चीड आली.

"कमान ढिली होती," ती म्हणाली. "चूक बाबांचीच."

आईने चहाची बशी दारातच खाली टेकवल्याचा आवाज आला. मुलीची मागे वळून बघायची छाती झाली नाही. बाबांना आज मीच पुन्हा मारलं, एवढंच तिच्या मनात आलं.

थोरला मटकन स्टुलावर बसला. सुटकेचा निःश्वास त्याने टाकला नाही.

"आम्ही भांडत होतो," तो म्हणाला. "क्षुल्लक कारण. मला कधी बोलायला जमलं नाही, म्हणून बंदूक घेऊन आलो. वाटलं, ही तरी खरं सांगेल, आणि तुम्ही ते माझ्या तोंडावर फेकाल."

"म्हणजे?"

"चाप मी ओढला होता, ताई. त्याच दिवशी तुमच्या बाबांचे पाय धरून मी हे सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि म्हणाले, 'गप, पोरा. कमानच ढिली होती.'"