समोरच्या बाकावरून

लायल बोलता बोलता थांबला.

प्रार्थनेच्या लांबघरात मधोमध युनिसची शवपेटी. एका बाजूच्या बाकांवर लांडगा कुळ, समोर ससाणा कुळ. लांडग्यांमधलं कुणी गेलं की निरोपाचं भाषण ससाण्यांनी करायचं, ससाण्यांमधलं गेलं की लांडग्यांनी. सेनेका या मूळनिवासी अमेरिकी भाषेत आणि तोंडपाठ. कागद चालत नाही. मधलं काही सुटलं, तर जाणाऱ्याची पलीकडची वाट तुटते.

पुढची ओळ हर्शेलच्या जिभेवर होती. लायलला त्यानंच शिकवलं होतं. तीन हिवाळे, रोज पहाटे, लायल बर्फ हटवायच्या गाडीवर जायच्या आधी. पण युनिस हर्शेलची सख्खी बहीण. सुतकातल्या माणसानं तोंड उघडायचं नाही.

"मामा, सांगा ना त्याला," शेजारून भाची कुजबुजली. "माझी आई अशी अर्ध्या वाटेत..."

"गप."

"नुसता एक शब्द!"

"आपला आवाज ऐकला तर ती मागे वळेल, पोरी."

लायलचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. हर्शेलनं जीभ दातांखाली धरली. आम्हाला घडवणाऱ्या, त्याच्या तोंडी ये. एवढ्या वेळेला ये.

लायल पेटीकडे वळला.

"युनिसआत्या," तो रोजच्या, चुलीपुढच्या सेनेकात म्हणाला, "ऊन पडलंय. वाट कोरडी आहे. नीघ आता. पोरीकडे आम्ही बघतो."

हर्शेलनं झटकन मान वर केली. भाषणात हे कुठंच नव्हतं! पण त्या शब्दांमागोमाग अडलेली ओळ आली, तिच्यामागून दुसरी, आणि लायल शेवटपर्यंत गेला.

माती देऊन झाल्यावर तो हर्शेलपाशी आला. सदरा घामानं चिकटला होता. "काका, मोडलं का हो सगळं?"

"तिनं मागे वळून बघितलं नाही. पण माझ्या वेळी असा अडलास तर उठून बसेन."

लायल हसायला गेला आणि मध्येच थांबला. "तुमच्या वेळी मी आहे, काका. पण मग मी गेलो की? तुमच्या बाजूनं कोण बोलणार?"

हर्शेलनं आपल्या लांडग्यांकडे पाहिलं. झाडाखाली सगळे घोळक्यानं उभे होते. हलक्या आवाजात बोलत होते, इंग्रजीत.

"उद्या पहाटे," तो म्हणाला, "एकटा येऊ नकोस. आमच्यातलं एखादं पोर घेऊन ये."